वय नको, माप घेऊन या: डाऊन सिंड्रोमच्या मुलांसाठी बेळगावच्या बाजारातली साधनं

खेळण्यांच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘बाळ किती वर्षांचं?’ उत्तर ऐकून त्या वयाचा खोका माळ्यावरून खाली उतरतो. डाऊन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्तीचं असण्याची जन्मजात स्थिती) असलेल्या मुलासाठी काही घ्यायचं असेल तर हा प्रश्नच चुकीचा आहे. या मुलांचे हातपाय धडाच्या मानाने आखूड असतात, स्नायू सैल आणि सांध्यांचे बंध ढिले. खोक्यावरचं ‘२ वर्षे+’ वाचून आणलेल्या खुर्चीत पाय लोंबकळतात, सायकलचं पेडल चार बोटं लांबच राहतं, गाडीची दांडी गळ्याशी येते नाहीतर गुडघ्याशी. मग वस्तू मुलाशी जुळत नाही, मूलच वस्तूशी जुळवून घेतं. पाय फाकवतं, गुडघे मागे ताठ करतं, पाठ वाकवतं, आणि तीच ढब अंगवळणी पडते. पुढे ती मोडायला दुप्पट वेळ लागतो.

म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत सहज पोचणाऱ्या साधनांचा हा आढावा वयावर नाही, मापावर बेतला आहे. खडेबाजारातली तयार खेळणी, सुताराकडून करून घ्यायच्या वस्तू, सर्जिकल दुकानातला माल, मोबाईलवरून मागवलेली पार्सलं, सगळ्यांना एकच शिंप्याची टेप लावली आहे.

दुकानात जाण्याआधी पाच मापं कागदावर लिहून घ्या. अनवाणी बसवून, गुडघा काटकोनात ठेवून, जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची. उभं धरून जमिनीपासून बेंबीपर्यंत आणि स्तनाग्रापर्यंत, अशी दोन. टाचेपासून जांघेपर्यंत पायाची आतली लांबी. आणि तळपायाची लांबी-रुंदी, कागदावर पाय ठेवून बाहेरून पेन्सिल फिरवून. तारीख टाका. तीन महिन्यांनी परत घ्या.

साधनांकडे वळण्याआधी वैद्यकीय बाजू, थोडक्यात पण टाळता न येणारी. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मजात हृदयदोष असतो, म्हणून इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी, ‘इको’) झालेला नसेल तर कुठलंच साधन घेऊ नका. थायरॉईड दरवर्षी तपासायचं. थायरॉईड कमी असलेलं मूल मंद आणि थकलेलं दिसतं, आणि दोष व्यायामाला दिला जातो. तिसरी गोष्ट मानेची. पहिल्या दोन मणक्यांमधले बंध ढिले असल्याने काही मुलांच्या मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. मान वाकडी धरणं, मान दुखणं, चांगलं चालणारं मूल अडखळायला लागणं, सुटलेली शी-शूची सवय परत बिघडणं, हातापायांत ताकद कमी वाटणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टर गाठायचा. कोलांट्या, डोक्यावर उभं राहणं हे या मुलांना शिकवायचंच नाही. तालमीत कुणी हौसेने मातीत उतरवून मान दाबत असेल तर तिथेही नाही म्हणा. ट्रॅम्पोलिन सहा वर्षांच्या आत अजिबात नको, पुढेही जाणकाराच्या देखरेखीशिवाय नको. मॉलमधल्या खेळघरांना आणि वाढदिवसाच्या फुगवलेल्या उड्या-घरांनाही हेच लागू.

आता बाक. सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत उपयोगी आणि तयार दुकानात जवळजवळ न मिळणारी वस्तू. बाजारातल्या लहान मुलांच्या प्लॅस्टिक खुर्च्यांची बैठक बहुतेक २५ सेंटिमीटरच्या आसपास असते. दोन-अडीच वर्षांच्या डाऊन सिंड्रोमच्या मुलाच्या गुडघ्यामागची उंची बऱ्याचदा १६ ते १८ सेंटिमीटर भरते. म्हणजे पाऊल अधांतरी. पाऊल टेकलं नाही की धड सावरायला आधार उरत नाही, मूल मांड्या फाकवून कमरेतून गोल होऊन बसतं. सुताराला सांगायचं: पाठ नसलेला बाक, वरचा फळा ३० बाय २५ सेंटिमीटर, १८ मिलिमीटरचं प्लायवूड, उंची गुडघ्यामागच्या मापाइतकीच. लॅमिनेट लावू नका, त्यावरून मूल घसरतं. जुन्या योगामॅटचा तुकडा वर चिकटवा. बाक हलका झाला तर उठताना मागे सरकतो. एकूण वजन तीन किलोच्या खाली नको, कमी पडलं तर तळाच्या पट्टीला विटेचा तुकडा बांधा. खर्च करायचाच नसेल तर जेवायचे पाट एकावर एक ठेवून दोरीने करकचून बांधा. दिसायला ओबडधोबड, पण उंची हवी तशी जमते.

बाकाचा खरा उपयोग बसण्यापेक्षा उठण्याला आहे. पावलं गुडघ्यांच्या बरोबर खाली, एकमेकांपासून दहा-बारा सेंटिमीटरवर. जमिनीवर खडूने पावलांचे ठसे काढले की रोज सांगावं लागत नाही. समोर छातीच्या उंचीच्या टेबलावर खेळणं. मूल पुढे झुकलं, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की आपोआप उठतं. सुरुवातीला बाक मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंच ठेवा, उठायला सोपं जातं. जमलं की मापावर आणा. पाच वेळा, दिवसातून तीनदा, इतकं पुरे. इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे दोन्ही हात धरून वर ओढणं. आज्जी-आजोबांचा हा आवडता प्रकार. ओढलेलं मूल मागे रेलतं, गुडघे ताठ करतं आणि टाचेवर उभं राहतं. त्यात मांडीच्या स्नायूंना कामच उरत नाही. आधार द्यायचा तर मांड्यांना नाहीतर कमरेला, हाताला नाही. उभं राहिल्यावर पोटऱ्या बाकाला टेकवून मूल ‘कुलूप’ घालतं का बघा. टेकवत असेल तर बाक चार बोटं मागे घ्या.

ढकलगाडीवर मात्र थोडं जास्त बोलावं लागेल, कारण पांगुळगाडा आपल्याकडे अजून मिळतो आणि घरोघरी आजोळहून येतो. तीन चाकं, त्रिकोणी सांगाडा, उभी दांडी. दिसायला देखणा, टिकायला पक्का. पण आपल्या मुलासाठी तो जसा येतो तसा द्यायचा नाही. पहिली अडचण वेग. लाकडी चाक पॉलिश केलेल्या फरशीवर पळतं, सैल अंगाचं मूल दांडीवर भार टाकतं आणि गाडी पुढे, मूल मागे आडवं. उपाय सोपा आहे: सायकलच्या जुन्या ट्यूबचे रुंद गोल तुकडे कापून चाकांवर चढवा आणि सांगाड्यावर, पुढच्या चाकाच्या बाजूला, तीन-चार किलो वाळूची पिशवी बांधा. वजन पुढेच हवं. मागे ठेवलं तर मूल दांडी धरून उठताना गाडी त्याच्याच अंगावर उलटते. वाळू दर पंधरा दिवसांनी अर्धा किलोने कमी करायची. मुलाचा तोल जमत चालल्याची खूण म्हणजे हलक्या गाडीमागेही त्याचा वेग तोच राहतो.

दुसरी अडचण दांडीची उंची. दांडी बेंबी आणि स्तनाग्र यांच्या मधोमध हवी, कोपर जरा वाकलेलं. तयार गाडीची दांडी ठरीव असते. खाली पडत असेल तर मूल ढुंगण मागे काढून वाकून चालतं. आडवी पट्टी सोडवून वर दुसरी भोकं पाडून घेणं सुताराला अर्ध्या तासाचं काम. तिसरी अडचण लवकर लक्षात येत नाही: मागच्या दोन चाकांमधली जागा. पाऊल त्या चाकांच्या मधून पडायला हवं. मुलाच्या खांद्यांच्या रुंदीपेक्षा दहा सेंटिमीटर जास्त अंतर धरा. कमी असेल तर बोटं आसावर आपटतात आणि मूल पाय आणखी बाहेर फेकायला शिकतं.

एवढं करूनही तीन चाकांचा गाडा एका बाजूला भार टाकणाऱ्या मुलाला कलंडवतोच. म्हणून आमची पसंती अशी: फर्निचर धरून आडवं चालणारं मूल असेल तर सुरुवातीला चार चाकांची लाकडी पेटीगाडी, जिच्या पेटीत तांदळाची पिशवी ठेवता येते. पांगुळगाडा त्यानंतर, एका हाताच्या आधाराने दहा पावलं टाकणाऱ्या मुलाला. उंबऱ्यावर दोन्ही अडतात. जुन्या घराच्या सोप्यात लांबी चांगली मिळते, आणि सारवलेल्या जमिनीवर चाक अजिबात पळत नाही. शहाबादी फरशीपेक्षा ती जमीन या कामाला कितीतरी चांगली. खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने अंगण बंदच असतं, तेव्हा सरावाचा रस्ता घरातच आखून ठेवा.

गोल, चाकांचा, मधे झोळीसारखी बैठक असलेला वॉकर? दुकानातच राहू द्या. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, ती अपघातांमुळे. आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. मूल जांघेवर लटकतं, पाय बाहेर फाकतात, चवड्याने ढकलत जातं, आणि एका पायावरून दुसऱ्यावर भार नेणं, जे चालण्याचं मूळ आहे, ते शिकतच नाही. ‘पाय लवकर सुटतील’ या आशेने तो घेतला जातो. डाऊन सिंड्रोमची बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आसपास चालतात, काही तेराव्या महिन्यात, काही चौथ्या वर्षी. साधनाने सुधारायची असते ती चाल कशी आहे ते. पहिलं पाऊल कोणत्या महिन्यात पडलं हे चार वर्षांनी कुणी विचारत नाही, पण फताडी चाल तोवर टिकून असते.

ट्रेडमिलचा विषय इथेच. इंटरनेटवर वाचून पालक विचारतात, आणि त्यात तथ्य आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात आधाराशिवाय ३० सेकंद बसू शकणाऱ्या बाळांना घरीच छोट्या ट्रेडमिलवर धरून रोज ८ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस पावलं टाकायला लावली. ती बाळं ट्रेडमिल न दिलेल्या गटापेक्षा सरासरी १०१ दिवस आधी चालली. पण त्या पट्ट्याचा वेग सेकंदाला जेमतेम २० सेंटिमीटर होता, म्हणजे ताशी पाऊण किलोमीटरच्याही किंचित खाली. फिटनेसच्या दुकानातली मोठ्यांची मशिनं बहुतेक ०.८ किंवा १ पासूनच सुरू होतात, पट्टा रुंद, बाजूच्या फटीत बाळाची बोटं जाण्याची भीती, आणि लाईट गेली की पट्टा जागीच थांबून बाळाला झटका. घरासाठी घेऊ नका. एखाद्या उपचार केंद्रात लहान मुलांचं मशिन असेल आणि आठवड्यातून पाच दिवस जाणं जमणार असेल तरच विचार करा. आठवड्यातून एकदा आठ मिनिटं म्हणजे त्या अभ्यासाचं नुसतं नाव.

शिवून घेण्याची एक वस्तू या यादीत सर्वांत कमी पैशांत जास्त काम करते: मांड्या जवळ ठेवणारी लायक्राची चड्डी. या मुलांचे खुबे इतके सैल असतात की पालथ्यावरून बसतं होताना ती दोन्ही पाय दोन बाजूंना सरळ फाकवून मधून उठतात. बघणाऱ्याला कौतुक वाटतं, पण त्यात धड वळवण्याचे स्नायू वापरलेच जात नाहीत. परदेशात ही चड्डी तयार मिळते, मागवली तर महाग पडते. वडगाव-शहापुरात शिंपी कमी नाहीत. दोन्ही बाजूंनी ताणणारं लायक्रा घ्या, पोहण्याच्या कपड्यांचं असतं तसं. कमरेपासून गुडघ्याच्या वर दोन बोटांपर्यंत घट्ट चड्डी शिवा, मग दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी जांघेपासून खालपर्यंत एकमेकींना जोडा. शिवण सपाट हवी, नाहीतर मांडीला घासते. दिवसातून दोनदा, वीस-तीस मिनिटं, जमिनीवर खेळताना आणि रांगताना. चालताना काढायची. एप्रिल-मे मध्ये घामोळं उठलं तर बंद. काढल्यावर उमटलेला लाल वळ वीस मिनिटांत गेला नाही तर चड्डी घट्ट आहे. खुबा निखळण्याची शंका असेल, पाय हलवताना कट्कन आवाज येत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घालू नका.

मोठा जिम बॉल सर्जिकल दुकानात मिळतो, आणि बहुतेकांच्या घरी तो पंधरा दिवसांत कोपऱ्यात जातो. गोल चेंडू चारी दिशांना पळतो. मूल घाबरतं, धरणाऱ्याचे हातही घाबरतात. शेंगेच्या आकाराचा, मधे दबलेला चेंडू पुढे-मागेच फिरतो, तो बरा. हवा पाऊणच भरा. मुलाला कमरेला धरा, छातीला नाही. धरणं जितकं वर तितकं मुलाचं काम कमी. चेंडूवर बसवून उड्या मारायला लावणं मानेच्या कारणाने बाद. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला तर चेंडूच नको. गोधडीची आठ-दहा सेंटिमीटर जाडीची गुंडाळी छातीखाली, कोपरं खांद्यांच्या जरा पुढे, तोंडासमोर आईचा चेहरा. तीन मिनिटं, दिवसातून सहा-सात वेळा, दूध पाजल्यावर लगेच नाही.

बुटांच्या बाबतीत दुकानदार हमखास घोट्याच्या वर जाणारा, जाड तळव्याचा ‘मेडिकल’ बूट दाखवतात. तो जड असतो आणि वाकत नाही. चांगल्या बुटाची परीक्षा दोन बोटांची: पुढचा तिसरा भाग सहज वाकला पाहिजे, टाचेची वाटी दाबली तरी दबता कामा नये, आणि पिळल्यावर मधला भाग दोरीसारखा वळता कामा नये. पाऊल रुंद आणि आखूड असल्याने लांबीवरून नंबर घेतला तर बोटं दबतात, रुंदीवरून घेतला तर बूट लांब होऊन मूल अडखळतं. म्हणून कागदावरचा पाय सोबत न्या, बुटातला सुटा तळवा काढून त्यावर ठेवून बघा. घरात अनवाणीच.

घोट्याच्या जरा वरपर्यंतचं पातळ प्लॅस्टिकचं ऑर्थोसिस (पावलाला आधार देणारं कवच), ज्याला एसएमओ म्हणतात, ते सपाट आणि आत कललेल्या पावलाला चालू लागल्यावर खरंच मदत करतं. पण घाई नको. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चालण्याआधीच ट्रेडमिलच्या जोडीला ते घातलेल्या बाळांची एकूण हालचालींची प्रगती न घातलेल्यांपेक्षा मागे राहिली. बाळ रांगताना, गुडघ्यावर उभं राहताना घोटा मोकळा लागतो, हे त्याचं सरळ कारण असावं. मूल स्वतंत्र चालू लागल्यावर, पायाचा साचा काढून बनवलेलंच घ्या. तयार नंबराचं नको. त्यावर बूट एक नंबर मोठा आणि रुंद लागतो, तो खर्च आधीच धरा.

तीनचाकीत फसवणूक जास्त. स्वस्त प्लॅस्टिक सायकलींची पेडलं पुढच्या चाकाला थेट जोडलेली असतात, म्हणजे बैठकीपासून लांब. आखूड पायांचं मूल पेडल गाठायला पुढे घसरतं, मग दांडा जांघेत रुततो आणि दोन दिवसांत सायकल नकोशी होते. दुकानातच बसवून बघा: ढुंगण मागच्या टेकूला लागलेलं, पेडल सर्वांत लांबच्या जागी, आणि गुडघा तरीही थोडा वाकलेला. बसत नसेल तर पेडलच्या दोन्ही बाजूंना वीस मिलिमीटर जाडीचे लाकडी ठोकळे बोल्टने आवळता येतात. पाय सटकत असेल तर जुनी, मापाची सँडल पेडलवर स्क्रूने बसवा. टाचेचा पट्टा असलेली, म्हणजे पाय मागे निसटत नाही. उद्यमबागेतला कुणीही फॅब्रिकेटर हे आणि मागची ढकलदांडी एका दुपारीत करून देतो. पुढच्या चाकाला पेडल असलेल्या सायकलीला ब्रेक नसतो, उतारावर पेडलं गरगर फिरतात आणि बांधलेला पाय सुटत नाही. ढकलदांडी धरणारं मोठं माणूस नसेल तर पाय बांधू नका. शक्य असेल तर बैठकीखाली पेडल असलेली, चेनची तीनचाकी घ्या. ती महाग, पण बैठक वर-खाली होते आणि चार वर्षं चालते.

दुचाकीला बाजूची दोन छोटी चाकं लावून वर्षानुवर्षं फिरवणं हा वेळेचा अपव्यय. त्यात तोल शिकला जात नाही, मूल उलट वळणाच्या बाहेरच्या अंगाला कलतं. पेडलं काढून टाका, बैठक इतकी खाली घ्या की दोन्ही तळपाय सपाट टेकतील, आणि पायाने ढकलत तोल येऊ द्या. आठ ते पंधरा वर्षांच्या मुलांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मागे रोलर लावलेल्या खास सायकलींवर रोज ७५ मिनिटं, फक्त ५ दिवस शिकवलं आणि निम्म्याहून थोडी जास्त मुलं दुचाकी चालवू लागली. वय निघून गेलं असं समजून सायकल विकून टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. एक सूचना मोठ्या मुलांसाठी: मनगटावरच्या घड्याळात ‘२२० वजा वय’ हे नाडीचं गणित त्यांना लावू नका. त्यांची नाडी इतरांइतकी चढत नाही, कमाल आकडा साधारण २५ ते ३० ठोके खालीच राहतो. धाप लागली पण दोन शब्द बोलता येतात, ही पातळी धरा.

हाताच्या कामासाठी मात्र दुकानात जाण्याची फारशी गरज नाही. बोटं आखूड, अंगठ्याचा सांधा उलटा वाकणारा, त्यामुळे चिमटीत जोर येत नाही. पण बोटांच्या आधी खांदा. खांदा स्थिर नसेल तर महागड्या पेन्सिल-ग्रिपने काही होत नाही. दारावर किंवा पाटीवर उभ्याने ओल्या ब्रशने रेघोट्या ओढणं, कपाळाच्या उंचीवर, पाच मिनिटं. खडू आणि तेलखडू मुद्दाम तोडून दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे द्या. आखूड तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांत आपोआप येतो. कपड्यांचे चिमटे नवे असताना कडक असतात, रात्रभर जाड पुठ्ठ्याला लावून ठेवले की स्प्रिंग नरमते.

पॅकबंद रंगीत क्ले फार मऊ असतो, हाताला कामच देत नाही. त्यापेक्षा खानापूरची कुंभारमाती. चाळून खडे काढा, लिंबाएवढे गोळे करा, ओल्या गोणपाटात ठेवा. तडे गेले तर पाणी कमी, बोटाला चिकटली तर जास्त. मिठाची कणीक करायची तर दोन वाट्या पिठाला एक वाटी मीठ आणि पाऊण वाटी पाणी. पण तोंडात घालणाऱ्या मुलाला ती देऊ नका, एवढं मीठ पोटात जाणं धोक्याचं. त्याला साधी पोळीची कणीक. चिमटीच्या सरावाला चिरमुरे, घन पदार्थ नीट चावून खाणाऱ्या मुलालाच, ताठ बसवून, वाटीत एका वेळी चार. शेंगदाणे नकोत, फुटाणे नकोत.

तोंडात घालण्याचा हा मुद्दा खोक्यावरच्या ‘३ वर्षे+’ला निकामी करतो. ही मुलं चौथ्या-पाचव्या वर्षीही वस्तू तोंडात घालतात. तीन वर्षांखालच्या खेळण्यांसाठी लहान भागांची चाचणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत होते. घरी हार्डवेअरच्या दुकानातून ४० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आणा. त्याचं भोक चाचणीच्या नळीपेक्षा थोडं मोठं, म्हणजे आपण सुरक्षित बाजूला. त्यात जाईल ती वस्तू नको. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. जत्रेतल्या ढिगात ते शोधून सापडत नाही.

सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचा टीएलएम किट (शिकण्या-शिकवण्याच्या साधनांचा संच) केंद्राच्या अ‍ॅडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना, विनामूल्य मिळतो. घ्यावा. त्यातली ओवण्याची, जुळवण्याची, रचण्याची साधनं चांगली असतात, फक्त पाइपची चाचणी तिथेही करा आणि एका वेळी दोनच वस्तू बाहेर काढा, बाकी कपाटात. सगळा किट जमिनीवर ओतला की मूल फेकण्याचाच खेळ खेळतं.

उरली ती उपचाराची सेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश २०१३ पासून आहे, अंगणवाडी-शाळेतल्या तपासणीतून मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येतं. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या आरोग्यविम्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चात थेरपीही धरली जाते, पण त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आधी लागतं. खाजगी केंद्र निवडताना खोलीतल्या रंगीत साधनांवर जाऊ नका, ती सगळीकडे सारखीच असतात. बघायचं ते हे: पहिल्याच भेटीत इकोचा कागद आणि मानेची लक्षणं विचारली का? मुलाची मापं घेतली का? शेवटची दहा मिनिटं तुमच्या हातून व्यायाम करून घेतला का, की तुम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं? घरी करायला दोन-तीनच गोष्टी दिल्या का? पंधरा व्यायामांची झेरॉक्स देणाऱ्या केंद्रातून आलेली घरं आठवड्याभरात एकही करत नाहीत. खानापूरहून पंचवीसेक किलोमीटर, निपाणीहून तर त्याच्या तिप्पट अंतर कापून बेळगावला आठवड्यातून तीनदा येण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा येणं आणि घरी रोज दहा-दहा मिनिटं तीनदा करणं जास्त फळतं. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, तिकडेही हेच प्रश्न विचारा.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट बघायलाच हवी, ती भाषेची. थेरपिस्ट कन्नडमध्ये ‘एळु’, ‘कूतको’ म्हणतो, आई ‘ऊठ’, ‘बस’ म्हणते, शाळेत ‘स्टँड’, ‘सिट’. मुलाला तिन्ही भाषा कळणार नाहीत असं नाही, पण नवी हालचाल शिकताना एका क्रियेला एकच शब्द आणि एकच खूण लागते. ऐकण्यापेक्षा बघून ही मुलं पटकन शिकतात, आणि कानात पाणी साठण्याचा त्रास असेल तर ऐकणं आणखी कच्चं. सहा-सात शब्द आणि त्यांच्या हाताच्या खुणा एका कागदावर लिहून थेरपिस्टला द्या, तो कन्नड बोलणारा असला तरी ‘ऊठ’ म्हणायला त्याला अडचण नसते. सांगितल्यावर पाच-सात सेकंद थांबा. उत्तर उशिरा येतं, आणि तेवढ्यात दुसऱ्यांदा सांगितलं की मूल पुन्हा पहिल्यापासून विचार करायला लागतं.

बाक लहान पडला की फेकू नका. त्याच्या तळाला उंची सेंटिमीटरमध्ये आणि तारीख पेन्सिलने लिहा, म्हणजे पुढच्या घरी देताना वय न विचारता गुडघ्याखालचं माप विचारता येतं.